पोटाखालचं प्लास्टिक आणि चेंबर गार्ड

"दादा, हे काढूनच टाकू का? नुसतं खडखडतंय."

गाडी लिफ्टवर होती. तिच्या पोटाखालचं काळं प्लास्टिक मेकॅनिकच्या हातात अर्धवट लोंबत होतं, एका बाजूची दोन लॉकं तुटून गेलेली. मी म्हटलं, काढ. पावसाळा लागला आणि रस्त्यावरच्या पाण्यातून गाडी गेली की इंजिनचा बेल्ट किंचाळायला लागला. मग मी दुसरी चूक केली. ॲक्सेसरीच्या दुकानात जाऊन लोखंडी 'इंजिन गार्ड' बसवून घेतला. का, तर वस्तू तीच, फक्त मजबूत! बेल्ट किंचाळायचा तो किंचाळतच राहिला.

घोळाची सुरुवात नावापासून होते. दुकानात 'इंजिन गार्ड' मागितला तर एक जण प्लास्टिकचं कव्हर काढून दाखवतो, दुसरा पोलादी पत्रा. सुट्या भागांच्या यादीत प्लास्टिकच्या वस्तूला अंडर कव्हर किंवा स्प्लॅश शील्ड म्हणतात. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या वस्तूला स्किड प्लेट, आणि गॅरेजच्या बोलीत चेंबर गार्ड. चेंबर म्हणजे इंजिनच्या तळाची ऑइलची टाकी. 'चेंबर फुटला' हे दोन शब्द ज्याने घाटात ऐकलेत, त्याला त्यातली धडकी वेगळी सांगायला नको. यात भर म्हणजे हल्ली छोट्या गाड्यांच्या बंपरखाली चंदेरी रंगाचा एक तुकडा असतो आणि माहितीपत्रकात त्यालाही 'स्किड प्लेट' म्हटलेलं असतं. बोटाने टोकून बघा. बहुतेक वेळा ते रंगवलेलं प्लास्टिक निघतं, आणि त्याचं काम दिसण्याचं.

आधी त्या काळ्या प्लास्टिकचं बघू, कारण हकनाक बळी त्याचाच जातो.

गाडीचं टप, काच, दारं सगळं घासूनपुसून गुळगुळीत केलेलं असतं. पोट मात्र ओबडधोबड: सायलेन्सरचा पाइप, सस्पेन्शनचे हात, नळ्या, बोल्ट, खाचा. खालून जाणारी हवा या प्रत्येक गोष्टीत अडकते, भोवरे करते आणि गाडीला मागे ओढते. त्या हवेला सपाट वाट करून देणं हे कव्हरचं एक काम. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. छोट्या हॅचबॅकचा ढोबळ हिशेब मांडला, तर ताशी ५० किलोमीटरला हवा साधारण ८ किलो वजनाएवढ्या जोराने अडवते, १०० ला सुमारे ३३ आणि १२० ला ४७. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मर्यादा आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेच्या सपाट भागातल्या १०० च्या मानाने तिथे हवेचा विरोध ४४ टक्क्यांनी वाढतो, आणि तो रस्ता आहे ७०१ किलोमीटरचा. होंडाने १९९९ मध्ये इनसाइट नावाची दोन माणसांची छोटी हायब्रिड गाडी आणली, तिचा हवेच्या विरोधाचा गुणांक ०.२५ पर्यंत खाली आणला होता. त्यात मागच्या झाकलेल्या चाकांबरोबर पोटाखालच्या कव्हरांचाही हात होता.

पण खरं सांगायचं तर सिंहगड रोडच्या गर्दीत ताशी २० ने सरकणाऱ्या गाडीला या कव्हरमुळे मायलेजचा फरक कळणारही नाही. तिथे मी ते ठेवतो ते दुसऱ्या कामासाठी. पुढचं चाक पाणी आणि वाळू उडवतं ती थेट बेल्टवर, तो ज्यावर फिरतो त्या पुलीवर, आणि बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरवर. बेल्ट ओला झाला की घसरतो आणि किंचाळतो. वाळूने पुलीची बेअरिंग झिजतात. बऱ्याच गाड्यांत कव्हरची एक बाजू वर वळून चाकाच्या कमानीतल्या प्लास्टिकच्या अस्तराला (लाइनरला) मिळते, ती याच्यासाठीच. याशिवाय इंजिनचा आवाज थोडा दाबला जातो, आणि काही गाड्यांत रेडिएटरमागची गरम हवा कुठून बाहेर पडावी याचा हिशेबही कव्हरच्या आकारात धरलेला असतो. म्हणजे 'काढलं की इंजिनला हवा जास्त लागेल' हे दर वेळी खरं नसतं.

पुढच्या चाकांसमोर जी रबरी किंवा मऊ प्लास्टिकची छोटी पट्टी लोंबते, तीही याच कुळातली. फिरत्या टायरवर हवा थेट आदळू नये म्हणून ती बाजूला वळवते. गतिरोधकावर ती घासली की लोकांना वाटतं, गाडी लागली. ती घासावी आणि वाकावी म्हणूनच मऊ केलेली असते. कापू नका.

या प्लास्टिकला जमत नाही ते एकच: दगड अडवणं. जाडी दोन-तीन मिलिमीटर, वजन एखादा किलो. टोकदार दगड ते सहज भेदतो आणि चेंबरपर्यंत पोचतो.

दगडासाठी आहे ती प्लेट. पोलादाची असेल तर सहसा २ ते ३ मिलिमीटर जाड. ७० बाय ६० सेंटिमीटरचा ३ मिलिमीटर पोलादी पत्रा जवळजवळ १० किलो भरतो, तेवढाच ॲल्युमिनियमचा साडेतीन किलोच्या आत. जाडीपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे ती कशाला धरली आहे. खरी प्लेट चासीला किंवा सबफ्रेमला (इंजिन-सस्पेन्शन धरणाऱ्या पोलादी चौकटीला) जाड बोल्टांनी आवळलेली असते, म्हणजे धक्का सांगाड्यात जातो. बंपरच्या कडेला किंवा पत्र्याच्या स्क्रूवर टांगलेला गार्ड दगडाने आत दाबला, तर तोच चेंबरवर आपटतो. प्लेट आणि चेंबर यांच्यामध्ये बोटं सहज जातील एवढी जागा हवी. ऑइल सोडायचं भोक हवं, गरम हवा निघायला फटी हव्यात. माझ्या गार्डला भोक नव्हतं. दर सर्व्हिसला अख्खा पत्रा उतरवायचा आणि पुन्हा चढवायचा, त्याची मजुरी वेगळी.

आणि एक विनोद असा की खाली घासू नये म्हणून लावलेली प्लेट गाडीला आणखी खाली आणते. आपल्या छोट्या गाड्यांचा ग्राउंड क्लिअरन्स बहुतेक १६-१७ सेंटिमीटर, तोही रिकाम्या गाडीचा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने बांधलेला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. त्यावरून पाच माणसं घेऊनही गाडी आरामात जाते. पण आपल्या गल्लीतला गतिरोधक कुठल्या मापाने बांधलाय हे तो बांधणाराच जाणे. तिथे प्लेटने खाल्लेले दोन सेंटिमीटर जाणवतात.

धडकेचाही विचार करा. समोरून जोरात बसली तर पुढचा भाग कसा चुरगळावा, इंजिन कुठे सरकावं, हे कंपनीने ठरवलेलं असतं. त्यात बाहेरचा जाड पोलादी पत्रा आडवा येऊ शकतो. त्यामुळे कंपनीने त्या मॉडेलसाठी दिलेली प्लेट असेल तर तीच घ्यावी. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये ज्यांच्यावर कारवाई करायला सांगितलं ते क्रॅश गार्ड म्हणजे गाडीच्या तोंडावरचे पाइप. पोटाखालची प्लेट ही वेगळी वस्तू, पण नावांमुळे तिथेही गल्लत होते.

आता निगा. ती दोघांची सारखी नाही.

प्लास्टिकचं दुखणं नव्वद टक्के लॉकांचं असतं. सर्व्हिसला कव्हर काढतात, दोन लॉकं तुटतात, चार परत लागतात, पुढच्या वेळी तीन. मागची कडा सुटली तर नुसती फडफडते. पुढची कडा सुटली की मात्र वारा आत भरतो, कव्हर सुपासारखं उघडतं, रस्त्यावर घासतं आणि वेगात असलं तर फाटून चाकाखाली येतं. म्हणून गाडी परत घेताना गुडघ्यावर बसून पुढची कडा हाताने ओढून बघायची. मेकॅनिक हसतो, हसू दे. लॉक त्याच मापाचं मागायचं. भोक मोठं झालं असेल तर मागे रुंद वॉशर. वाटेत सुटलं तर केबल टाय चालतो, पण सायलेन्सरच्या पाइपला बांधू नका, वितळतो.

तडा गेला तर घरातली चिकटवायची ट्यूब उपयोगाची नाही. ही कव्हरं बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असतात आणि त्याला साधा गोंद, इपॉक्सी काहीच धरत नाही. तड्याच्या टोकाला ड्रिलने बारीक गोल भोक पाडायचं म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग दोन्ही बाजूंना भोकं पाडून टायने टाके घालायचे, किंवा प्लास्टिक वेल्डिंगवाल्याकडे न्यायचं. मी टाके घातले. दिसायला गोधडी, पण तीन पावसाळे झाले.

कव्हरवर ऑइल साचलेलं दिसलं तर ते पुसून गप्प बसू नका, वर बघा. गळती महिनोन्‌महिने त्याच्यावर जिरत राहते आणि पार्किंगच्या फरशीवर थेंब दिसत नाही. काही कव्हरांना आतून आवाज शोषणारं नमद्यासारखं अस्तर असतं. ते ऑइलने भिजलं तर बदलावं, ते गरम इंजिनखाली आहे. पावसाळ्यानंतर चिखल आणि पाला धुऊन काढा. उंदरांना ही जागा फार आवडते. जॅक प्लास्टिकवर कधीही लावू नका.

प्लेटचं दुखणं गंज आणि सैल बोल्ट. रंग खालच्या बाजूने खरवडला जातो, तिथून गंज धरतो, आणि कोकणच्या खाऱ्या हवेत तो थांबत नाही. वर्षातून एकदा घासून रंग द्यावा, बोल्ट आवळावेत, पोचा पडून प्लेट चेंबरकडे सरकली आहे का ते बघावं. आतला चिखल सुकला की विटेसारखा बसतो.

मी शेवटी नवं कव्हर आणून लावलं (हे टाके त्यालाच आहेत, पहिल्याच वर्षी एका दुभाजकाच्या कडेने पडलेले) आणि लोखंडी पत्रा उतरवला. तो कुडाळजवळच्या मामेभावाने नेला. त्याची गाडी माझ्याच मॉडेलची म्हणून भोकं जुळली, नाहीतर भंगारात गेला असता. त्याच्या घरापर्यंतचा शेवटचा पाऊण किलोमीटर जांभ्या दगडाची पाणंद आहे. त्याने आधी वर्कशॉपमध्ये ऑइलसाठी भोक पाडून घेतलं आणि मधे जाड रबरी वॉशर घातले. प्लास्टिक कव्हरच्या वर वळलेल्या बाजू त्याने ठेवल्यात, त्यामुळे बेल्ट कोरडा राहतो. मे महिन्यात गेलो तेव्हा गाडीखाली वाकून बघितलं. प्लेटवर हातभर लांब ओरखडा होता, एका टोकाला अंगठा मावेल एवढा पोचा, आणि वर चेंबर कोरडा ठणठणीत.