पार्श्वभूमी : कर्ण, द्रौपदी आणि कॅननची सवय

फॅनफिक्शनवर, म्हणजे चाहत्यांनी आवडत्या पात्रांवर रचलेल्या कथांवर, वाढलेला वाचक महाभारताचे खंड उघडतो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : यातलं कॅनन, म्हणजे अधिकृत मानायची मूळ कथा, काय? कथेतल्या रिकाम्या जागा भरणं नवं नाही. द्रौपदीच्या मनात सहावा म्हणून कर्ण होता, हे जांभूळ आख्यान ही लोककथा रंगवते. आजच्या भाषेत ते ‘शिपिंग’च, म्हणजे चाहत्यांनी दोन पात्रांची जोडी जमवणं.

मराठी वाचकाचा आजचा कर्ण मात्र 1967 सालचा. त्या वर्षी आलेल्या शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ कादंबरीत तो स्वतःच्या तोंडून बोलला. पुण्यात 1919पासून चाललेलं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं, म्हणजे अनेक पोथ्या ताडून पाठ ठरवण्याचं, काम त्याच्या आदल्याच वर्षी पुरं झालं होतं. घराघरांत पोचली ती कादंबरी.

कर्ण आणि द्रौपदी यांच्या चाहत्यांमधला सगळा वाद एका ओळीभोवती फिरतो. स्वयंवरात कर्ण उठतो आणि द्रौपदी म्हणते, ‘मी सूताला वरणार नाही.’ ही ओळ मोजक्याच हस्तलिखितांत आढळते, म्हणून चिकित्सक आवृत्तीच्या संपादकांनी ती मूळ पाठातून काढून तळटिपेत ठेवली. द्रौपदीच्या चाहत्यांना हा निर्दोषत्वाचा दाखला वाटतो, कर्णाच्या चाहत्यांना अन्याय. दोघंही संपादकांना मालिकेचे लेखक समजतात. संपादकांचा दावा त्याहून कितीतरी मर्यादित होता : उपलब्ध पोथ्यांच्या आधारे जितकं मागे जाता येतं, तिथला पाठ. तळटिपेतली ओळही पिढ्यान्‌पिढ्या ऐकली गेली आहे. तिला ‘खोटी’ म्हणून निकालात काढणं मला मान्य नाही.

या भांडणात मूळ पाठातली दुसरी ओळ कुणी वाचतच नाही. अर्जुन धनुष्याकडे निघतो तेव्हा जमलेले ब्राह्मण म्हणतात : कर्ण, शल्य यांच्यासारख्यांना जे वाकवता आलं नाही, ते हा काय वाकवणार? म्हणजे इथे कर्णाला कुणी अडवलेलं नाही, त्यालाच ते जमलेलं नाही. कादंबरीतला कर्ण डोक्यात पक्का बसलेला असला की ही ओळ डोळ्यांसमोरून निसटते.

2020च्या टाळेबंदीत महाभारताची जुनी दूरदर्शन मालिका पुन्हा लागली आणि हे वाद नव्याने पेटले. पण कॅनन शोधायच्या याच सवयीचा एक मोठा फायदाही आहे. कादंबरीतली कर्णाची पत्नी वृषाली शोधत हे वाचक थेट स्त्रीपर्वापर्यंत पोचतात. एरवी युद्ध संपलं की पुस्तक मिटणारेच जास्त. तिथे गांधारीच्या विलापात कर्णाची पत्नी भेटते, पण तिला नाव नाही. ती फक्त वृषसेनाची आई आहे.