बत्तीसाला पन्नास : चढावरच्या गिअरचे गणित

सायकलस्वार आणि त्याची माउंटन बाइक मिळून ८५ किलो वजन आहे, समोर मातीची वाट आहे आणि ती दर १०० मीटरला १० मीटर चढते, असे समजू. या वाटेवर सायकलला मागे खेचणारे बल सुमारे १०० न्यूटन भरते. त्यातले ८३ न्यूटन गुरुत्वाकर्षणाचे असतात आणि उरलेले टायर मातीवरून फिरताना होणाऱ्या रोधाचे. इतक्या संथ वेगात हवेचा रोध हिशोबात धरला नाही तरी चालतो. नियमित सायकल चालवणारा, पण स्पर्धांत न उतरणारा माणूस बराच वेळ १५० वॉटच्या आसपास शक्ती देऊ शकतो असे धरले, तर त्याचा वेग सेकंदाला दीड मीटर, म्हणजेच ताशी ५.४ किलोमीटर येतो. या हिशोबात गिअर कुठेही आलेला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्या माणसाने सायकलला कोणताही गिअर बसवला तरी त्याच्या अंगात असलेल्या शक्तीने तो चढ याच वेगाने चढला जाणार, आणि माथ्यावर पोहोचेपर्यंत तेवढेच कार्य करावे लागणार.

मग गिअर बदलल्याने चढ सोपा का वाटतो? ते कार्य किती तुकड्यांत विभागून करायचे, हे गिअर ठरवतो, म्हणून. पेडलजवळच्या चकतीला ३२ दाते आणि मागच्या चाकावर निवडलेल्या चकतीला ३६ दाते असतील, तर पेडलच्या एका फेरीत मागचे चाक ०.८९ वेळा फिरते. २९ इंची चाकाचा परीघ साधारण २.३ मीटर असल्यामुळे एका फेरीत सायकल २.०४ मीटर पुढे जाते. वर काढलेला वेग राखायचा तर मिनिटाला ४४ फेऱ्या पुरतात. मागे ३६ ऐवजी ५० दात्यांची चकती असेल, तर गुणोत्तर ०.६४ वर येते, एका फेरीत १.४७ मीटर अंतर कापले जाते आणि मिनिटाला ६१ फेऱ्या माराव्या लागतात. १७५ मिलिमीटर लांबीच्या क्रँकवर, म्हणजे ज्या दांड्याच्या टोकाला पेडल असते त्यावर, पेडल एका फेरीत १.१ मीटरचे वर्तुळ पुरे करते. त्यावरून पायांनी लावायचा सरासरी जोर काढला, तर पहिल्या गिअरमध्ये तो सुमारे १९ किलो वजनाइतका आणि दुसऱ्यात साडेतेरा किलोइतका येतो. ही पूर्ण फेरीवरची सरासरी आहे. पाय खाली जात असताना प्रत्यक्षात लागणारा जोर याहून पुष्कळ जास्त असतो, आणि स्नायूंना व गुडघ्यांना झोंबतो तो हाच.

जास्त जोर लावून हळू फिरवायचे की कमी जोर लावून भरभर फिरवायचे, हा प्रश्न शक्तीच्या गणितात सारखाच दिसत असला तरी शरीरासाठी सारखा नाही. स्नायूवर मोठा भार आला की लवकर थकणारे जलद आकुंचनाचे तंतूही कामाला लागतात. भार हलका असेल तर बरेचसे काम तासन् तास टिकणाऱ्या संथ तंतूंवर भागते. मिनिटाला ४४ फेऱ्यांनी चढणाऱ्याच्या मांड्या आधी भरून येतात आणि श्वास नंतर लागतो, तर ६१ फेऱ्यांनी चढणाऱ्याचे उलट होते, असा अनुभव बहुतेक जण सांगतात आणि त्यामागे हेच कारण आहे.

याखेरीज आणखी एक कारण आहे. त्याची चर्चा कमी होते, पण खडबडीत वाटेवर माझ्या मते ते अधिक महत्त्वाचे ठरते. पायाचा जोर पेडलवर एकसारखा पडत नाही. क्रँक आडवी असताना तो सर्वाधिक असतो, आणि एक पेडल वर व दुसरे खाली आले की जवळजवळ नाहीसा होतो. सपाट रस्त्यावर या खंडाची जाणीव होत नाही, कारण सायकलची गतीच तिला पुढे नेते. चढावर तसे होत नाही. ८५ किलोच्या सायकलीला १०० न्यूटन बल मागे खेचत असेल आणि पाव सेकंद जोर मिळाला नाही, तर तिचा वेग सेकंदाला सुमारे ०.३ मीटरने कमी होतो. मुळात वेगच दीड मीटरचा, त्यातला पाचवा हिस्सा एवढ्या अवधीत गेलेला असतो. मिनिटाला ४४ फेऱ्यांच्या लयीत हे दुबळे क्षण लांबतात, सायकल प्रत्येक फेरीत दोनदा अडखळते, आणि अडखळलेल्या सायकलीला पुन्हा वेग देण्यासाठी जो हिसका द्यावा लागतो, त्या हिसक्यातच सुट्या मातीवर मागचे चाक घसरते. म्हणून हलक्या गिअरचा खरा लाभ पायांइतकाच टायरलाही होतो.

हे साध्य करण्याचे मुख्य मार्ग दोन आहेत : पुढची चकती लहान करणे किंवा मागच्या चकत्यांचा संच, म्हणजे कॅसेट, मोठी बसवणे. परंतु ज्याच्या सायकलला पुढे तीन चकत्या आहेत, त्याने काहीही विकत घेण्याआधी दाते मोजून पाहावेत. ४४, ३२ आणि २२ दात्यांच्या जुन्या पद्धतीच्या तीन चकत्यांतली सर्वांत लहान चकती आणि मागे ३४ दाते, यांचे गुणोत्तर ०.६५ येते. ते ३२ आणि ५० यांच्या गुणोत्तराइतकेच आहे. आधुनिक सायकलने चढावर काही नवी किमया केलेली नाही. पुढच्या दोन चकत्या आणि पुढचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, काढून टाकूनही तोच हलका गिअर मिळवणे, एवढेच तिने साधले आहे. स्रॅम कंपनीने २०१२ मध्ये पुढे एकच चकती आणि मागे १० ते ४२ दात्यांच्या ११ चकत्या अशी रचना आणली, २०१६ मध्ये १२ चकत्यांचा १० ते ५० दात्यांचा संच आणला, आणि २०१८ मध्ये शिमानोने १० ते ५१ चा. जुन्या तिहेरी रचनेचा सर्वांत हलक्या गिअरपासून सर्वांत जड गिअरपर्यंतचा पल्ला तरीही याहून मोठा होता. कमी झाला तो गुंता आणि चेन निसटण्याचे प्रमाण.

पुढची चकती बदलणे स्वस्त आणि सुटसुटीत आहे. ३२ च्या जागी २८ दाते आणले की प्रत्येक गिअर साडेबारा टक्क्यांनी हलका होतो, आणि मागच्या डिरेलरला हातही लावावा लागत नाही. चेनमधले साधारण दोन दुवे कमी केले की भागते. अडचण येते ती चकती बसवण्याच्या जागेची. १०४ मिलिमीटर व्यासावर चार बोल्टांनी बसणाऱ्या चकतीत ३० च्या खाली जाता येत नाही, कारण त्याहून लहान चकतीत चेनला बोल्टांच्या बाहेरून फिरायला जागाच उरत नाही. क्रँकवर थेट बसणारी चकती २८ किंवा २६ दात्यांचीही मिळते. लहान चकतीची किंमत मात्र दुसरीकडे मोजावी लागते. पायाचा तोच जोर कमी त्रिज्येवरून चेनला मिळत असल्यामुळे चेनवरचा ताण वाढतो आणि चेन व चकती लवकर झिजतात. मागेही सस्पेन्शन असलेल्या सायकलीत चेनच्या ओढीची दिशा बदलल्यामुळे पेडल मारताना सस्पेन्शनचे वागणेही थोडे बदलते.

मोठ्या कॅसेटचे काम जास्त वाढते. मागच्या डिरेलरला किती मोठी चकती झेपते आणि सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या चकतीतल्या फरकाने सैल पडणारी किती चेन तो गोळा करू शकतो, याला मर्यादा असतात. ३६ दात्यांसाठी बनवलेला डिरेलर ५० दात्यांवर चालत नाही, त्याची वरची पुली चकतीला घासते. चेनही वाढवावी लागते. चेन चकतीच्या साधारण अर्ध्या परिघाला वेढत असल्याने १४ दाते वाढले की ७ दुव्यांची चेन जास्त खर्च होते. आखूड चेन तशीच ठेवून चुकून मोठ्या चकतीवर गिअर टाकला, तर डिरेलर आणि तो ज्यावर लटकतो तो हँगर दोन्ही मोडू शकतात. मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, कॅसेट ज्या दांड्यावर चढते तो फ्रीहबही पाहावा लागतो. शिमानोच्या जुन्या एचजी पद्धतीच्या फ्रीहबवर ११ ते ५० किंवा ११ ते ५१ चे संच बसतात, पण १० दात्यांपासून सुरू होणाऱ्या संचाला स्रॅमचा एक्सडी किंवा शिमानोचा मायक्रोस्प्लाइन फ्रीहब लागतो.

कॅसेट निवडताना सर्वांत मोठ्या चकतीइतकेच तिच्या शेजारच्या चकतीकडेही लक्ष द्यावे. ११ ते ४६ च्या एका प्रचलित संचात ३७ नंतर एकदम ४६ दाते येतात, म्हणजे पायांची लय एका झटक्यात चोवीस टक्क्यांनी बदलते. असा गिअर शेवटच्या आधारासाठी ठीक असतो, पण तासाभराच्या चढावर कधी ३७ जड वाटतो आणि कधी ४६ फारच हलका.

गिअर किती हलका करायचा, हा प्रश्नही सुरुवातीच्याच हिशोबातून सुटतो. १० टक्के चढाला मिनिटाला ६० फेऱ्यांसाठी ०.६५ चे गुणोत्तर पुरले. चढ १५ टक्के झाला की मागे खेचणारे बल सुमारे १४० न्यूटन होते, १५० वॉटमध्ये वेग ताशी ३.९ किलोमीटरवर येतो, आणि तीच लय राखायला ०.४७ चे गुणोत्तर लागेल. ते चालू सायकलींवर सहसा मिळत नाही. २८ आणि ५० दात्यांवर मिनिटाला ५० फेऱ्या पडतात, आणि थोडा वेळ तेवढ्यावर निभावता येते. पण त्याहून हलका गिअर मिळाला तरी त्याचा उपयोग शंकास्पदच आहे, कारण ताशी चार किलोमीटरच्या खाली हँडल सतत डावी-उजवीकडे वळवत तोल सांभाळावा लागतो आणि समोरच्या दगडाला वळसा घालण्याइतका वेगच उरत नाही. शिवाय पायाच्या त्याच जोराला चाकावर मिळणारे बल हलक्या गिअरमध्ये वाढत असल्यामुळे जरासा धसमुसळेपणा झाला तरी मागचे चाक जागच्या जागी फिरते किंवा पुढचे उचलले जाते. तिथे उतरून सायकल ढकलणाराही तेवढ्याच वेगाने वर जातो, आणि यात कमीपणा वाटण्याचे काही कारण नाही.

वजन कमी करण्यावर पुष्कळ पैसे खर्च होतात, म्हणून एक तुलना करून पाहावी. चकती ३२ वरून ३० दात्यांवर आणली की पेडलवरचा जोर सव्वासहा टक्क्यांनी घटतो. तेवढाच जोर वजनातून कमी करायचा तर ८५ किलोतले पाच किलोंहून अधिक उतरवावे लागतील. पाच किलो उतरवल्याने एकूण कार्यही कमी होते, आणि ते गिअरला साधत नाही, हे खरे. पण चकती एका दुपारी बदलून होते. चाकाच्या आकाराचाही असाच परिणाम होतो. २६ इंची सायकलवरून २९ इंचीवर आलेल्याला तेच दाते सुमारे अकरा टक्के जड लागतात, कारण मोठे चाक एका फेरीत तेवढे जास्त अंतर कापते.

उरतो तो सपाट रस्त्यावरचा तोटा. पुढे ३२ आणि मागे १० दाते असताना मिनिटाला ९० फेऱ्यांनी ताशी जवळपास ४० किलोमीटरचा वेग मिळतो, तर पुढे २८ असताना तो ३५ वर येतो. डोंगराच्या उतारावर याची उणीव भासत नाही, कारण तिथे बोटे ब्रेकवरच असतात. मात्र डोंगराच्या पायथ्याशी पोहोचायलाच ज्याला दहा-वीस किलोमीटर डांबरी रस्ता कापावा लागतो, त्याला हा फरक जाणवू शकतो, आणि त्याने २८ ऐवजी ३० ची चकती घेऊन मागे ५० किंवा ५१ दात्यांची सोय करावी.