हात आणि संधिवात पुनर्वसन : व्यवसायोपचाराचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण (सोलापूरच्या संदर्भात)

खांद्यापासून बोटांच्या टोकांपर्यंत कुठेही इजा झाली, शस्त्रक्रिया झाली किंवा संधिवाताने सांधे धरले, की गेलेले काम पुन्हा हाताला जमावे यासाठी जे उपचार केले जातात, ते व्यवसायोपचाराच्या (ऑक्युपेशनल थेरपीच्या) कक्षेत येतात. हाताचे मोजमाप, स्प्लिंट (सांध्याला आधार देणारी हाताच्या आकाराची कडक पट्टी) घडवणे, कामाच्या पद्धतीत बदल सुचवणे ही कौशल्ये प्रत्यक्ष हातावर शिकवणे म्हणजे हे प्रात्यक्षिक प्रशिक्षण. भौतिकोपचाराशी (फिजिओथेरपीशी) त्याची हद्द बरीच मिसळलेली आहे. भौतिकोपचारात भर सांध्याच्या हालचालीवर आणि ताकदीवर असतो. व्यवसायोपचारात त्या हालचालीतून कोणते काम होते, यावर.

भारतात या शास्त्राची घडी मुंबईत बसली. जन्माने अमेरिकन असलेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली आणि १९५२ मध्ये या व्यवसायाची अखिल भारतीय संघटना उभी राहिली. पुढे महाराष्ट्रात हे शिक्षण मुख्यतः मुंबई आणि नागपूर येथील महाविद्यालयांत स्थिरावले. हाताच्या पुनर्वसनाला दुसरीकडूनही बळ मिळाले. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस कुष्ठरुग्णांच्या वाकड्या बोटांवर कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) एका जागेवरून दुसरीकडे जोडण्याच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या, आणि नंतरच्या व्यायामाशिवाय शस्त्रक्रियेचा उपयोग नाही हेही दाखवले.

सोलापुरात हे प्रशिक्षण पुस्तकातल्या उदाहरणांवर भागवण्याची गरज नाही. शहराची ओळखच हाताच्या कामाची आहे : चादर, टॉवेल, बिडी आणि ज्वारीची भाकरी. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९६३) आणि त्याला जोडलेले सर्वोपचार रुग्णालय येथे जिल्ह्याबरोबरच धाराशिव आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही रुग्ण येतात.

या शास्त्राचा पाया म्हणजे कामाचे पृथक्करण, आणि ते शिकायला बिडीसारखे काम शोधून सापडणार नाही. बाई मांडीवर सूप घेऊन बसते. भिजवलेले तेंदूचे पान पत्र्याच्या फर्म्यावर ठेवून कात्रीने कापते, त्यात तंबाखू भरते, अंगठा आणि तर्जनीत गुंडाळते, दोरा बांधते आणि टोके दुमडते. मजुरी हजारी, म्हणजे हजार बिड्यांवर. त्यामुळे हात मध्येच थांबत नाही. प्रशिक्षणार्थीने पाहायचे ते इतके : कात्रीचा जोर अंगठ्याच्या मुळाशी किती येतो, गुंडाळताना मनगट कुठे वाकते, मान किती वेळ खाली राहते. अंगठ्याच्या बाजूची मनगटाची कंडरा सुजली (डी क्वेर्व्हेन विकार), तर 'कात्री वापरू नका' हा सल्ला निरुपयोगी आहे, कारण त्या कात्रीवर चूल पेटते. कात्रीच्या कड्यांना कापड गुंडाळून पकड जाड करणे, पाने एकदम न कापता थोडी कापून थोडी वळणे, आखूड स्प्लिंट लावून मनगट सरळ ठेवणे, हे मात्र तिला जमू शकते.

मोजमापाचे तंत्र वरवर सोपे दिसते. मुठीची ताकद डायनामोमीटरवर घेताना दंड अंगालगत, कोपर काटकोनात आणि हात उभा, म्हणजे अंगठा वर, ठेवतात. मूठ बहुधा दुसऱ्या खाचेवर असते आणि तीन वाचनांची सरासरी धरतात. कोपर सरळ झाले की आकडा बदलतो, आणि पुढच्या महिन्यात झालेली 'सुधारणा' खोटी ठरते. सांध्याचा कोन गोनिओमीटरने मोजतात. त्वचेची जाणीव तपासायला निरनिराळ्या जाडीचे नायलॉनचे तंतू टेकवतात. मधुमेही किंवा कुष्ठरोगी हातासाठी ही शेवटची तपासणी टाळता येत नाही, कारण तव्याची धग न कळणाऱ्या हाताला आधी जपायला शिकवावे लागते आणि व्यायाम नंतर.

खरी परीक्षा स्प्लिंट बनवताना होते. आधी कागदावर हाताचा आराखडा काढतात : आडव्या रेघांचे ठसे, अंगठ्याची जागा, कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताची साधारण दोन-तृतीयांश लांबी. मग थर्मोप्लास्टिकचा पत्रा सुमारे ६५ ते ७५ अंश सेल्सिअस पाण्यात बुडवतात. तो मऊ झाला की काढून, टिपून, स्वतःच्या मनगटावर चटका पाहून मगच रुग्णाच्या हातावर ठेवतात. घडवायला हाताशी जेमतेम काही मिनिटे असतात. नवशिक्या घाबरून बोटांनी दाबतो. दाबाच्या त्या खुणा पुढे त्वचेला टोचतात. तळव्याने हलके सारवल्यासारखे बसवणे हे बघून कळत नाही, दोन-चार पत्रे वाया घालवल्यावरच येते. स्प्लिंट घालून वीस-तीस मिनिटांनी काढायचे आणि हाडांच्या उंचवट्यांवर लाली राहते का ते बघायचे. सोलापूरचा उन्हाळा ४२-४३ अंशांवर जातो, त्यामुळे इथे आणखी दोन गोष्टी सांगाव्याच लागतात : आत सुती मोजा घालणे आणि स्प्लिंट चुलीजवळ किंवा उन्हात न ठेवणे, नाही तर त्याचा आकार बिघडतो.

यंत्रमागावर हात अडकून बोट वाकवणारी कंडरा तुटणे ही वेगळीच कसोटी. शिवलेली कंडरा साधारण दुसऱ्या आठवड्यात सर्वांत कमकुवत असते, पण हात नुसता बांधून ठेवला तर ती भोवतालच्या पेशींना चिकटते आणि बोट वळत नाही. म्हणून हाताच्या मागच्या बाजूने अडवणारे स्प्लिंट लावून, शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच दुसऱ्या हाताने बोट वाकवण्याचे व्यायाम सुरू करतात. स्प्लिंट साधारण सहा आठवडे, जड काम बारा आठवड्यांनंतर. ज्याला कामाच्या मापावर मजुरी मिळते, त्याला हे बारा आठवडे फार वाटतात. तो मध्येच तुटलेला ताणा जोडायला किंवा धोट्यात (शटलमध्ये) सुताची कांडी भरायला बसतो. म्हणून कोणत्या आठवड्यात कोणती हालचाल चालेल, हे धोटा-कांडीच्या भाषेत सांगता आले पाहिजे. इथल्या अनेक घरांत तेलुगू बोलतात, काहींत कन्नड. घरच्यांपैकी एकाला व्यायाम करून दाखवायला लावणे हा त्यावरचा भरवशाचा उपाय.

संधिवातात आधी प्रकार ओळखावा लागतो. आमवात (ऱ्हुमॅटॉइड) पुरुषांपेक्षा स्त्रियांत सुमारे तिप्पट आढळतो, सकाळी तासाहून अधिक हात आखडतात, बोटांच्या मुळांचे व मधले सांधे सुजतात आणि बोटे करंगळीकडे कलू लागतात. झिजेच्या संधिवातात टोकाचे सांधे गाठाळतात आणि अंगठ्याचे मूळ दुखते. सूज भरात असताना विश्रांतीचे स्प्लिंट आणि हलकी हालचाल. सूज उतरल्यावर ताकदीचे व्यायाम. आमवाती हाताला ताकदीचे व्यायाम देऊ नयेत ही जुनी भीती. ब्रिटनमधील 'सारा' चाचणीत (४९० रुग्ण, २०१५ मध्ये प्रसिद्ध) मात्र औषधोपचारासोबत असे व्यायाम करणाऱ्यांच्या हाताचे काम वर्षभरानंतरही अधिक सुधारलेले दिसले.

सांधे वाचवण्याचे तत्त्व सांगायला सोपे : लहान सांध्यावरचा भार मोठ्या सांध्यावर न्यावा, पिळणे टाळावे. सोलापुरी स्वयंपाकघरात ते भाकरीपाशी अडते. पीठ मळताना मनगट मागे वाकवून तळव्याच्या टाचेवर सारे वजन येते. थापताना बोटे करंगळीच्या दिशेने ढकलली जातात. उकळत्या पाण्याची उकड काढली तर पीठ मऊ होते आणि भाकरी लाटताही येते. गोळे लहान करावेत, परात दोन्ही हातांनी उचलावी, आणि दुखण्याच्या दिवसांत टिकाऊ कडक भाकरी घरात असावी. सासूबाईंना ही तडजोड पटवणे कधीकधी व्यायामापेक्षा अवघड जाते. मेणाचा शेक (सुमारे ५२ ते ५४ अंश) हाताला बरा वाटतो, पण तो व्यायामाआधीची तयारी आहे. फक्त शेक घेऊन घरी जाणाऱ्याच्या हातात फारसा फरक पडत नाही.

महाराष्ट्रात हा व्यवसाय २००२ च्या राज्य कायद्याखाली व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदवावा लागतो. केंद्राचा संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांचा कायदा २०२१ चा आहे. शिवलेली कंडरा अचानक ढिली पडणे, बोट निळसर किंवा बधिर होणे, ताप येऊन सांधा लाल होणे यांपैकी काही दिसले, तर व्यायाम तिथेच थांबवून रुग्णाला त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे पाठवतात.