गावचे हायस्कूल: सातवीपासून विसाच्या पटापर्यंत

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या खेड्यांत जिल्हा परिषदेची असते ती सातवीपर्यंतची मराठी शाळा. हायस्कूल बहुतेक ठिकाणी गावातल्या नाहीतर पंचक्रोशीतल्या शिक्षण संस्थेचे असते. नोंदणी खासगी, पगार सरकारी आणि गावाच्या मनात मात्र ते सार्वजनिक. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे मंजूर करण्याच्या, शासन निर्णयावरून सध्या चाललेला वाद समजून घ्यायचा, तर ही तिहेरी मालकी कशी तयार झाली ते आधी पाहावे लागते.

माध्यमिक शिक्षण खासगी प्रयत्नांवर सोपवावे आणि सरकारने अनुदान द्यावे, हे धोरण १८८२ च्या शिक्षण आयोगापासूनचे. किनाऱ्यावर त्याचा लाभ रत्नागिरी, मालवण, दापोली अशा बंदरांच्या आणि कचेऱ्यांच्या गावांना झाला. बाकीच्यांसाठी सातवीची फायनल हीच शेवटची पायरी होती. ती पास झालेला मुलगा प्राथमिक शिक्षक किंवा तलाठी व्हायचा, नाहीतर मुंबईची बोट धरायचा. मुलीचा तर प्रश्नच कोणी काढत नसे.

खरी लाट आली ती स्वातंत्र्यानंतरच्या पंचवीस वर्षांत. या काळाबद्दल कोकणात जितके बोलले जाते, त्याच्या मानाने लिहिलेले फार कमी सापडते. गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींत गावोगावची मंडळे होती. गावकऱ्यांच्या खोलीत दहा-पंधरा जण राहत, आणि महिन्याच्या मनीऑर्डरीबरोबर हायस्कूलची वर्गणीही गावाला जाई. गणपतीला किंवा शिमग्याला चाकरमानी आले की देवळात बैठक बसे आणि संस्थेची घटना तिथेच वाचली जाई. आठवीचा पहिला वर्ग देवळाच्या सभामंडपात किंवा कोणाच्या तरी पडवीत भरायचा. दरवर्षी एक वर्ग वाढवत नेला की चौथ्या वर्षी अकरावीची, म्हणजे त्या वेळच्या एस.एस.सी.ची, पहिली तुकडी बसायची. तोवर गावाने चिरेखाणीतून जांभा काढलेला असे, कोणी आंब्या-फणसाचे लाकूड दिलेले असे आणि बायकांनी डोक्यावरून पाणी नि वाळू वाहिलेली असे. देणगीदारांच्या पाट्या भिंतीवर आहेत. त्या बायकांची पाटी मला आजवर कुठे दिसलेली नाही, आणि ही उणीव गावांनी अजूनही भरून काढावी.

जागेवरून भांडणे झाली. प्रत्येक वाडीला शाळा आपल्या दारात हवी होती. मग तडजोड म्हणून ती सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळावर, दोन-तीन गावांच्या हद्दीजवळ गेली. आज अनेक हायस्कुले वस्तीपासून दूर, उघड्या कातळावर का दिसतात, याचे उत्तर बहुतेक वेळा इथे सापडते. शिक्षक घाटावरून आले, गावातच बिऱ्हाड करून राहिले. १९६० च्या आसपास कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांची फी सरकारने माफ केली आणि वर्ग भरू लागले. पावसाळ्यात खाडीतली होडी बंद झाली की पलीकडची मुले अलीकडच्या नातेवाइकांकडे मुक्कामाला असत.

१९७५ मध्ये दहावीचा नवा आकृतिबंध आला. अकरावी हायस्कुलातून निघून कनिष्ठ महाविद्यालयात गेली. ज्या संस्थांना ते जोडता आले नाही, त्यांच्या मुलांना पुढच्या शिक्षणासाठी पुन्हा गाव सोडावे लागले. १९७७ च्या कायद्याने खासगी शाळांतल्या शिक्षकांच्या नोकरीला संरक्षण मिळाले आणि मुख्याध्यापकाची पावले संस्थेच्या बैठकीपेक्षा शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडे जास्त वळू लागली. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईची वर्गणी आटली. जे घर स्वतःच उघडे पडले, ते शाळेच्या छपरासाठी काय देणार?

त्यानंतर मुलेच कमी होत गेली. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या ४.८ टक्क्यांनी आणि सिंधुदुर्गाची २.२ टक्क्यांनी घटली. राज्याची एकूण लोकसंख्या वाढत असताना हे झाले. खाड्यांवर पूल झाले, एसटीचा पास आला, पुढे तालुक्याच्या गावातली इंग्रजी माध्यमाची शाळा व्हॅन घेऊन वाडीपर्यंत पोचली. काही ठिकाणी जिल्हा परिषदेच्या शाळेलाच आठवीचा वर्ग जोडला गेला आणि हायस्कूलचा पट आणखी खाली आला.

अशा स्थितीत २०२४ चा निर्णय आला. शिक्षकांची पदे पटावरून मंजूर करण्याची पद्धत जुनीच आहे, तीच संचमान्यता. नव्या निकषांत सहावी ते आठवी किंवा नववी-दहावी या गटाचा पट विसाच्या खाली असेल, तर त्या गटाला एकही पद मंजूर होत नाही. शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि त्याचे समायोजन दुसऱ्या शाळेत होते. या निर्णयाची बाजूही समजून घेतली पाहिजे. बारा मुलांसाठी तीन-चार पगार चालू ठेवायचे आणि दुसरीकडे भरलेल्या वर्गाला गणिताचा शिक्षक नाही, हे कोणत्याही खात्याला परवडणारे नाही. एकट्या-दुकट्या मुलाला बरोबरीचे सवंगडी हवेत, हेही खरे.

पण हा निकष किनाऱ्याला बसत नाही. वीस मुले गोळा होण्यासाठी जी वस्ती लागते, ती इथे सलग नसतेच. वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या, मधे खाडी, मधे पऱ्ह्या, म्हणजे पावसाळी ओढा. पाच किलोमीटरच्या आत माध्यमिक शाळा असावी, असे केंद्राच्या माध्यमिक शिक्षण योजनेने २००९ मध्ये ठरवले. नकाशावर समोरच्या काठावरची शाळा दोन किलोमीटर दिसते. तिथे जायला होडी लागते, किंवा पुलावरून मोठा वळसा. जुलैच्या पावसात आठवीतली मुलगी या वाटेने रोज जाणार नाही. ती घरी बसेल. डोंगरी आणि दुर्गम भागासाठी पटाच्या अटी सैल करण्याची रीत राज्यात पूर्वीपासून आहे, तेव्हा खाडीने तुटलेल्या गावाला दुर्गम धरण्यात अडचण असू नये. निदान अंतर तरी मूल ज्या वाटेने चालते त्या वाटेने मोजायला हवे.

या शाळा शिकवत नाहीत, असेही कोणी म्हणू शकत नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी कोकण विभागीय मंडळ वेगळे झाल्यावर २०१२ पासून दहावीच्या निकालात हा विभाग राज्यात वरच राहिला. मार्च २०२४ च्या परीक्षेत तो ९९.०१ टक्के आणि २०२५ मध्ये ९८.८२ टक्के लागला. हा निकाल केवळ शहरांतल्या मोठ्या शाळांनी आणलेला नाही. त्यात लहान पटाच्या हायस्कुलांची मुलेही आहेत.

गावांत सध्या दोन मते आहेत. जवळजवळच्या दोन संस्थांनी एकत्र यावे आणि एक हायस्कूल नीट चालवावे, असे काहींना वाटते. दुसऱ्यांना आपल्या आजोबांनी चिरे वाहिलेली इमारत सोडवत नाही. मला पहिले मत व्यवहाराचे वाटते, पण ते संस्थांनी स्वतः, गाडीची सोय हातात घेऊन अमलात आणले तरच. शिक्षक आधी उचलायचे आणि मुलांनी मागाहून वाट शोधायची, हा क्रम उलटा आहे. विलीनीकरण झाले तर जमिनीचाही प्रश्न येईल. ती अनेक ठिकाणी शाळेसाठी म्हणून बक्षीसपत्राने दिलेली आहे, काही जागी नुसत्या शब्दावर. सातबारा काढून ही कागदपत्रे संस्थांनी आत्ताच पाहून ठेवलेली बरी.