धक्क्यावरचं जहाज ‘बंद’ नसतं

जहाज धक्क्याला लागलं की इंजिन बंद, मग धूर कुठला? हा समज जुना, आणि अर्धाच खरा. थांबतं ते मुख्य इंजिन. दिवे, पंप, शीतकंटेनर यांच्यासाठी डिझेल जनरेटर चालूच असतात. जड इंधन पातळ राहावं म्हणून बॉयलरही. २०२० पासून जगभर इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५० वरून ०.५० टक्क्यांवर आली, पण त्याने धुरातले नायट्रोजन ऑक्साइड हे घातक वायू घटत नाहीत.

उपाय किनाऱ्यावरच्या विजेचा. ६.६ किंवा ११ किलोव्होल्टची केबल जोडायची, जनरेटरशी फेज (विजेच्या लहरींचा ताल) जुळवायचा, भार हळूहळू सरकवायचा, मगच जनरेटर थांबवायचे. घोडं बहुधा विजेच्या वारंवारतेवर अडतं: जहाज ६० हर्ट्झचं आणि धक्का ५० चा, तर वारंवारता बदलणारा कन्व्हर्टर लागतोच. बॉयलर मात्र (हे सहसा कुणी सांगत नाही) केबल लावूनही धुमसत राहतो.