पाठीवरची चिचुंद्री आणि अठरा ग्रॅम पाणी

परवा फोनवर त्वचेच्या आजारांबद्दल काहीतरी वाचत होतो, मशीनने केलेलं मराठी भाषांतर, आणि त्यात चक्क लिहिलेलं की पाठीवरची चिचुंद्री मोठी व्हायला लागली किंवा तिचा रंग बदलला तर लगेच डॉक्टरांना दाखवा. आधी पोटभर हसलो, मग लक्षात आलं की मूळ इंग्रजीत 'मोल' असणार. मोल म्हणजे अंगावरचा तीळ, आणि मोल म्हणजे जमीन उकरत फिरणारा एक प्राणीपण. बरं, प्राणी म्हणूनही ते भाषांतर चुकलेलंच, कारण चिचुंद्री म्हणजे श्रू, मोल तिचा लांबचा नातेवाईक. खरा मोल महाराष्ट्रात नाहीच, भारतात तो पूर्व हिमालयात आणि ईशान्येकडे सापडतो, त्यामुळे आपल्याकडे त्याला धड नाव पडलंच नाही.

आणि हे दोनच अर्थ नाहीत. आतल्या गोटात घुसलेला गुप्तहेर म्हणजे मोल, बंदराला लाटांपासून वाचवणारा दगडी बांध म्हणजे मोल, केमिस्ट्रीत अकरावीच्या पोरांना रडवणारा तो मोल वेगळाच, आणि मेक्सिकोतला एक सॉस, त्याचा उच्चार मोले पण स्पेलिंग तेच. आता ह्यांत सख्खं कोण आणि नुसता आडनावबंधू कोण, ते बघताना मजा येते, कारण आपला पहिला अंदाज जवळजवळ प्रत्येक वेळी चुकतो.

तिळापासून सुरू करू. जुन्या इंग्रजीत ह्याला 'माल' म्हणायचे, 'मा' लांबवून, अर्थ डाग. पुढे काही शतकांत इंग्रजीतल्या त्या लांब 'आ'चा 'ओ' होत गेला, एकट्या ह्या शब्दात नाही तर सरसकट, म्हणजे 'स्टान'चं स्टोन झालं, 'हाम'चं होम, 'बान'चं बोन, त्याच रांगेत मालचं मोल. हा डाग म्हणजे काय तर त्वचेला रंग देणाऱ्या पेशी, मेलॅनोसाइट, एरवी विखुरलेल्या असतात त्या एका जागी घोळका करून बसतात. आपण मराठीत त्याला तीळ म्हणतो ते दिसायला दाण्यासारखा म्हणून, म्हणजे आपल्याकडे दोन अर्थ एका शब्दातून फुटले. इंग्रजीत उलटं, वेगवेगळ्या गावांहून आलेले शब्द चालत चालत एकाच रूपावर येऊन थांबले.

प्राण्याचं जुनं इंग्रजी नाव होतं 'मोल्डवार्प', मोल्ड म्हणजे माती आणि वार्प म्हणजे फेकणे, मातीफेक्या. मोल हे त्याचंच आखूड रूप असं बरेच जण मानतात. जर्मनीत गंमत झाली, तिथेही असाच शब्द होता पण त्यातला मातीवाचक भाग लोक विसरले आणि त्याचं 'माउलवुर्फ' करून टाकलं, माउल म्हणजे तोंड, म्हणजे आता तो तोंडाने माती फेकतो असा अर्थ लागतो, बिचारा खरं तर पुढच्या फावड्यासारख्या पंजांनी फेकतो. उत्तर अमेरिकेतल्या एका मोलच्या नाकावर चांदणीसारखे २२ मांसल कोंब असतात, ते जमिनीला टेकवत तो अंधारात भक्ष्य ओळखतो, आणि ओळखून गिळण्यापर्यंतचं काम सेकंदाच्या पाव भागात उरकतो. १७०२ मध्ये इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम घोड्यावरून पडला, नंतर त्यातच गेला, आणि घोडा मोलने काढलेल्या मातीच्या ढिगाला अडखळला असं सांगतात, तेव्हा त्याचे विरोधक म्हणे 'काळ्या मखमलीतल्या छोट्या साहेबा'च्या नावाने पेले उंचावायचे. गुप्तहेर मोल हा ह्याच प्राण्यावरून, जमिनीखालून गुपचूप पोखरणारा. इंग्लिश लेखक फ्रान्सिस बेकनने १६२२ मध्येच हेरांना मोल म्हटलंय, पण शब्द घरोघरी पोचला तो १९७० नंतरच्या हेरकथांनी.

आता बांध. लॅटिनमध्ये 'मोलेस' म्हणजे प्रचंड ढीग, वजनदार वस्तू. त्यातून फ्रेंचमार्गे समुद्रातला मोल आला. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, फ्रान्समधल्या डंकर्कहून जर्मनांच्या वेढ्यातले ब्रिटिश आणि मित्रदेशांचे ३ लाख ३८ हजारांवर सैनिक सोडवले, त्यातले निम्म्याहून जास्त बंदरातून निघाले, मुख्यतः तिथल्या पूर्वेकडच्या अशाच एका लांबलचक मोलवरून. आणि ह्याच मोलेसला छोटेपणाचा प्रत्यय लावला की होतं 'मॉलेक्युला', छोटासा ढीग, तोच आपला मॉलिक्यूल, रेणू. त्याचं अजून आखूड करून जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्डने १८९० च्या दशकात 'मोल' काढला. म्हणजे समुद्रातला दगडी बांध आणि केमिस्ट्रीचा मोल हे खरे नातेवाईक! 'डिमॉलिश'सुद्धा त्याच घरातलं. आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे, की रेणूवरून एककाचं नाव ठेवणारा हा ओस्टवाल्ड स्वतः अणुरेणू खरंच असतात असं मानतच नव्हता, त्याच्या मते ती हिशोबाची सोय होती, १९०८-०९ च्या सुमारास पुरावे पुढ्यात आल्यावर त्याने मान्य केलं.

केमिस्ट्रीचा मोल म्हणजे नुसता आकडा, जसं डझन म्हणजे १२. फक्त इथे ६०२२१४०७६ आणि पुढे १५ शून्यं. २० मे २०१९ पर्यंत १२ ग्रॅम कार्बन-१२ (कार्बनचा नेहमीचा प्रकार) मध्ये जितके अणू तितके अशी व्याख्या होती, त्या दिवसापासून आकडाच ठरवून टाकला. ह्या आकड्याला नाव इटालियन शास्त्रज्ञ ॲव्होगॅड्रोचं, पण १८११ मध्ये त्याने फक्त सारख्या आकारमानाच्या वायूंत, तापमान आणि दाब सारखे असतील तर, रेणूही सारखेच असतात एवढं सांगितलेलं, आकडा त्याने कधी काढलाच नाही, त्याचं नाव त्या आकड्याला दिलं १९०९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ ज्याँ पेरँने. एक मोल पाणी म्हणजे १८ ग्रॅम, साडेतीन चमचे. पण एक मोल तीळ (खायचे) घेतले तर? एक तीळ ३ मिलिग्रॅमचा धरून मी ढोबळ हिशोब केला, अख्ख्या महाराष्ट्रावर पसरले तर थर नऊ-दहा किलोमीटर जाड होतो, एव्हरेस्ट बुडेल.

राहिला मेक्सिकोचा मोले. तो नाहुआत्ल ह्या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतल्या 'मोल्ली'वरून, म्हणजे सॉस, आणि ग्वाकामोले म्हणजे ॲव्होकॅडोचा सॉस. मिरच्या-मसाले वाटून करतात आणि स्पॅनिशमध्ये वाटणे म्हणजे 'मोलेर', त्यामुळे शब्द तिथून आला असं कुणालाही वाटेल, पण नाही. ते मोलेर दाढेचं नातेवाईक, कारण मोलर दात हा लॅटिन 'मोला' म्हणजे जात्याच्या पाळीवरून.

आणि आपल्याकडे हा केमिस्ट्रीचा मोल देवनागरीत लिहिला की अजून एकाला धडकतो, मूल्यवरून आलेल्या मोलाला, कवडीमोलातल्या. त्यामुळे पाण्याचे मोल किती असं विचारलं तर मास्तर वजनाला १८ ने भागायला लावतील, आणि एप्रिल-मे मध्ये टँकरवाला वेगळाच आकडा सांगेल.