नेली एक, मारल्या सात

"खायची होती तं एक न्यायची होती, बाकीच्या कायले मारल्या?" यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी मामी सकाळी खुराड्यापुढं बसून हेच पुन्हा पुन्हा म्हणत होती. आत सात कोंबड्या मरून पडल्या होत्या, आठवी गायब. फळी सरकलेली. ओल्या मातीत तुरीच्या वावराकडे गेलेले पंजे उमटले होते. गोल, चार बोटांचे, नखांची खूण नाही. चालताना नखं आत ओढून घेणारं मांजरकुळच. पण पंजा गावातल्या मांजरापेक्षा मोठा होता. नाल्यापलीकडच्या झुडपी जंगलातलं रानमांजर.

मामीला पडलेला प्रश्न प्राणीशास्त्रज्ञ हान्स क्रूक यांनाही पडला होता. १९६६ च्या नोव्हेंबरात, आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत, एका काळोख्या वादळी रात्री तरसांनी ८२ हरणं मारली आणि त्यातली थोडीच खाल्ली. १९७२ च्या शोधनिबंधात क्रूक यांनी याचा उलगडा केला. सावज शोधणं, पकडणं, मारणं आणि खाणं या शिकाऱ्याच्या वेगवेगळ्या प्रेरणा आहेत. पोट भरलं की शोधणं थांबतं. पण सावज पुढ्यातच फडफडत असेल तर झेप घेतली जातेच. रानात एक सापडेपर्यंत बाकीची पळून जातात. खुराड्यात पळायला जागाच नसते. हे क्रौर्य नाही, हावही नाही.

त्यात कोंबडीचे डोळे दिवसाचे. आपल्याला न दिसणारे अतिनील किरणही तिला दिसतात, पण अंधारात ती जवळजवळ आंधळी. तिची पूर्वज रानकोंबडी म्हणूनच रात्री झाडावर चढून बसते. दिवसा घार दिसली की कोंबडा बारीक, लांब शीळ घालतो. मुंगूस दिसलं की थांबून थांबून कलकलाट करतो. दोन धोके, दोन हाका. रात्री हा पहारा बंद असतो, आणि तेव्हा तिला सांभाळणं आपल्याच हाती.

षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, शिकाऱ्याला बाहेर नाही. अर्ध्या इंचाची वेल्डिंगची जाळी घ्या, फूटभर जमिनीत पुरा, दाराला नुसता दगड न लावता कडी घाला. मुंगूस दिवसा फिरतं, म्हणून अंडी वेळेवर उचला.

मेलेल्या कोंबडीवर फवारणीचं औषध टाकून ती बांधावर ठेवू नका, हे मी हात जोडून सांगतो. त्यानं गावातली कुत्री मरतात, गिधाडं मरतात. रानमांजराला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. शिवाय राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पातल्या अभ्यासानुसार ते दिवसाला तीन ते पाच उंदीर खातं. तेच उंदीर आपली तूर अन् हरभरा फस्त करतात.

मामानं त्याच दिवशी जाळी ठोकली. मामीनं शेजारून चार तलंगा आणल्या. तिसऱ्या रात्री कुत्रं भुंकलं. सकाळी खुराड्याभोवती तेच गोल पंजे दोन फेऱ्या मारून वावराकडे परतलेले दिसले. मामीनं तलंगा मोजल्या, चारी होत्या.